मोचीखिळ्यांचं कुरण

९ मे १९६१

डॉक्टर म्हणाले, "काशियान, तुमचा रक्तदाब तुमच्या जिभेवर बसलाय. राग आला की बोलू नका, लिहून काढा." म्हणून ही वही. कातड्याचं वेष्टन मीच चढवलंय आणि शिवण सरळ आली आहे. पहिल्या पानावर काय लिहावं हे आठवडाभर सुचत नव्हतं. आज लोइसने सोय केली.

लोइस आमच्या हिंटरबाखच्या कुरण-मंडळाचा प्रमुख. त्याच्या बावीस गाई आहेत आणि बाविसांचा मिळून होईल एवढा त्याच्या एकट्याचा आवाज. दुकानात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "तुझ्या व्हिजिलचं वरचं कुरण दोन उन्हाळे कापलेलं नाही. तिसराही कोरडा गेला तर नियमाप्रमाणे ते मंडळाचं. मुदत बार्थोलोमेवच्या सणापर्यंत, चोवीस ऑगस्ट."

"लोइस, भावाला जाऊन तीन महिने झालेत."

"म्हणून तर मेमध्ये सांगतोय. ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर शिव्या घातल्या असत्यास."

हे खरं आहे, आणि त्याचाच जास्त राग आला. व्हिजिल माझा थोरला भाऊ. वडिलांमागे त्याने गवत कापायचा विळा घेतला आणि मी आरी घेतली. शेवटची दोन वर्षं तो अंथरुणातच होता. मरताना म्हणाला, "कुरण तुला." मला वाटलं भ्रमात बोलतोय. मी त्रेसष्ट वर्षांचा मोची, उजवा गुडघा रोज हवामान सांगतो, आणि आयुष्यात गवताची एक काडी कापलेली नाही. कुरण दोन तासांच्या चढावर, झाडं संपतात त्याच्याही वर. लोइसला देऊन मोकळं व्हावं हेच शहाणपण. उद्या त्याला तसं सांगतो.

१२ मे

अजून सांगितलं नाही. दुकानात काम फार आहे.

२ जून

बाई बूट घेऊन आल्या. पुन्हा. डाव्या बुटाच्या तळाचे तीन खिळे गेलेत. मागच्या महिन्यात उजव्याचे चार गेले होते. माझ्या हातचा खिळा दहा वर्षं हलत नाही. लोइसच्या बुटांच्या तळात एकोणपन्नास सालचे खिळे अजून जागेवर आहेत. या बाई चालतात तरी कशा? भोकं बघितली तर कडा ताज्या आहेत, एका ठिकाणी पकडीचा व्रण आहे. दगडात अडकून उपसले गेले असावेत.

हेडविग बाई इथल्या नव्हेत, खिंडीपलीकडच्या. एकतीस वर्षं आमची शाळा चालवली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. अर्ध्या गावाला त्यांनी कान धरून वाचायला शिकवलंय, त्यामुळे सगळं गाव त्यांना तुम्ही म्हणतं आणि त्याही शेंबड्या पोराच्या बापापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांना तुम्ही म्हणतात.

बूट ठेवून त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही वरचं कुरण सोडणार, असं लोइस खानावळीत सांगत होते."

"विचार आहे."

"मग मोचीखिळे संपले म्हणायचे."

मला वाटलं माझ्या डब्यातल्या खिळ्यांबद्दल बोलताहेत. मग लक्षात आलं. आमच्याकडे त्या निळ्या फुलाला मोचीखिळा म्हणतात. खाली बारीक दांडी, वर चपटं डोकं, आणि उंची बोटभर. लहानपणी मला चिडवायला व्हिजिल माझ्या टोपीत खोचायचा आणि आईचा मार खायचा. बाई म्हणाल्या, त्या कुरणावरचे मोचीखिळे त्या नऊ वर्षं मोजताहेत. पहिल्या वर्षी दोनशे बारा होते, मागच्या वर्षी चौसष्ट.

"मंडळाच्या कुरणांवर आता गोणीतलं खत टाकतात," बाई म्हणाल्या. "तिथे एक तरी दिसतो का तुम्हाला?"

मी म्हणालो, खाली बघत चालायची सवय फक्त बुटांपुरती आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, गुरुवारी मोजायला जाणार आहे, मालकाने एकदा बघून तरी घ्यावं. मालक म्हणजे मी. हा शब्द मला आजवर कोणी वापरला नव्हता.

८ जून

गेलो. गुडघ्याने वाटेत अकरा वेळा तक्रार केली.

झाडं संपतात तिथे लाकडी क्रूस आहे. त्याच्या खाली तुम्ही, वर तू. ही रीत आमच्या पणजोबांपासूनची. डोंगरावर राजा आला तरी एकेरी, आणि जो चुकून तुम्ही म्हणेल त्याने सगळ्यांना कडूमुळीच्या दारूचा एक घोट पाजायचा. बाई क्रूसापाशी थांबल्या, श्वास घेतला, आणि मागे वळून म्हणाल्या, "काशियान, चल, दमलास का?"

मला उलट तू म्हणवेना. या बाईंनी माझ्या पुतण्याला बाकावर उभं केलेलं मी पाहिलंय. दोन तास मी असंच बोललो: "आता बसायचं का? पाव कापायचा का? पलीकडे जायचं का?" ना तू, ना तुम्ही. शेवटी बाई म्हणाल्या, "तू नव्या सुनेसारखा काय बोलतोयस?" एकदा चुकून तुम्ही निघालंच. घोट पाजावा लागला. बाईंनी तो एका दमात घेतला.

कुरण मला आठवत होतं त्यापेक्षा दांडगं झालंय. दोन वर्षांचं जुनं गवत पिवळं होऊन आडवं पडलंय आणि त्यातून नवं वर आलंय. जिथे बर्फ उशिरा वितळतो, माती जेमतेम चार बोटं आणि खाली पांढरा खडक, तिथेच फुलं. पानं जमिनीला चिकटलेली. निळा रंग लिहायचा प्रयत्न केला, दोनदा खोडलं. तो रंग माझ्याकडच्या कुठल्या दोऱ्यात नाही, एवढंच लिहितो.

एक खुडायला वाकलो तर बाईंनी हातावर चापट मारली. "घरावर वीज पाडून घ्यायचीय?" मोचीखिळा घरात आणला की छपरावर वीज पडते, हे आईही म्हणायची. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई असं म्हणते.

ढग आला की ही फुलं मिटतात आणि गवतात दिसेनाशी होतात. मग मोजणी थांबवून बसून राहावं लागतं. आज ढग फार होते. एकेचाळीस फुलं मोजायला चार तास लागले.

उतरताना बाईंनी क्रूस ओलांडला आणि म्हणाल्या, "काशियान, तुम्ही काय ते ठरवा." का कोण जाणे, मला वाईट वाटलं. फुलांचंच असणार.

१८ जून

चर्चनंतर लोइसला सांगितलं, कुरण मी कापणार. तो इतका हसला की त्याच्या गळपट्टीचं बटण तुटलं. "तू? अरे, तुला विळ्याचं टोक कुठलं आणि दांडा कुठला हे तरी ठाऊक आहे का?"

"भावाची आठवण आहे," मी म्हणालो. खरंच तेच कारण आहे.

२० जून

माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली. फुलं कमी झाली म्हणजे अशक्त झाली. माणसाला रस्सा, तसं झाडाला खत. गोणीतलं नव्हे, ते लोइसचं वेड. चांगलं दोन वर्षं मुरलेलं शेणखत. लोइसच्याच उकिरड्यातून टोपलीभर मागून घेतलं. कशाला हवंय हे सांगितलं नाही, तो समजला परसातल्या कोबीला. उद्या एकटाच वर जाऊन घालून येतो. बाईंना पुढच्या मोजणीला कळेलच.

२१ जून

पंधरा किलो शेणखत पाठीवर घेऊन दोन तास चढलो. जिथे सगळ्यात दाट होते, तिथे अकरा रोपांना हाताने घातलं, एकेकाच्या गळ्यापर्यंत. पाठीला वास येतोय, पण इतका समाधानी मी रेझी गेल्यापासून झालो नव्हतो. रेझी म्हणजे माझी बायको, जाऊन अकरा वर्षं झाली. तिला हे आवडलं असतं.

२४ जून

नसतं आवडलं.

बाईंना कौतुकाने वर घेऊन गेलो आणि दाखवलं. त्या बघतच राहिल्या. मग गुडघ्यावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काशियान, हे तू केलंस?"

"आशीर्वाद द्या... दे. पंधरा किलो आहे."

"अरे, ही उपाशी राहून जगणारी जात आहे. खत घातलं की ही नाही वाढत, गवत माजतं. गवत यांच्या डोक्यावर चढतं, उजेड खातं, आणि ही खाली गुदमरतात. लोइसच्या गोण्यांनी तेच केलं. दोन वर्षं न कापल्यानेही तेच झालं."

"म्हणजे न कापणं वाईट?"

"कापायलाच हवं. पण बी पडल्यावर, ऑगस्टात. कापायचं आणि गवत घेऊन जायचं, बदल्यात काही द्यायचं नाही. शेकडो वर्षं हेच करत आलात तुम्ही लोक, आणि तुमच्याच लक्षात नाही."

"तुम्ही लोक म्हणालीस. घोट."

तेव्हा कुठे त्या हसल्या. मग आम्ही दोघं पोटावर झोपून जेवणाच्या चमच्यांनी शेण काढत बसलो. अकरा रोपं, साडेतीन तास. मी वरून काढायचो, बाई मुळाजवळचं काढून कापडाने पुसायच्या. मध्येच म्हणाल्या, "माझ्यासाठी आजवर कोणी पंधरा किलो काही वाहून आणलं नव्हतं." मी म्हणालो, तुझ्यासाठी कुठे, फुलांसाठी आणलं. त्यावर त्या चमचा जरा जोरात चालवायला लागल्या.

शेण टोपलीत भरून परत खाली आणलं. लोइसने वाटेत विचारलं, "कोबीला चाललं नाही का?"

५ जुलै

बाईंचे बूट. उजव्याचे दोन.

३० जुलै

खानावळीत बुर्गीने गाठलं. खानावळ तिची आणि गावातल्या बातम्याही तिच्याच. "काशियान, हल्ली बाईंबरोबर सारखा वर असतोस?"

"मोचीखिळे मोजतो."

"किती आहेत?"

"एकेचाळीस."

"आणि ते दर आठवड्याला मोजावे लागतात?"

मी तिला समजावलं की आता फुलं नाहीत, बी धरलंय, ते पिकलं का हे बघावं लागतं. तिने बशीत पिठाचा उकडलेला एक गोळा जास्तीचा वाढला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन कुजबुजली. तिला यातलं शास्त्र कळत नाही.

७ ऑगस्ट

बाईंना विळा चालवता येतो. हे एकतीस वर्षं कोणाला माहीत नव्हतं. खिंडीपलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, सात भावंडांत थोरली. आज व्हिजिलचा लांब दांड्याचा विळा हातात घेतला, पायाला उतारावरचे लोखंडी काटे बांधले, आणि एका लयीत अर्धा तास कापत गेल्या. मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

मी कापलं तिथे कुरण उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं. पण पात्याची धार काढणं, ते मात्र माझं. पातं ऐरणीवर ठोकून पातळ करायचं आणि ओल्या दगडाने फिरवायचं, हे कातडं कापायच्या सुरीसारखंच. बाई म्हणाल्या, "एवढी धार आमच्या बापाला नव्हती जमत." तेव्हा वाटणी अशी ठरली: धार माझी, विळा त्यांचा, दंताळं माझं. लोइसला हे कळता कामा नये असं म्हणत होतो. मग विचार केला, कळू दे. मुदतीला कुरण कापलेलं असलं की झालं, कोणी कापलं हे नियमात नाही.

१४ ऑगस्ट

अर्धं झालं. बी पडलंय, बाईंनी तळहातावर घेऊन दाखवलं. तंबाखूच्या चुऱ्याहून बारीक.

१९ ऑगस्ट

१७ला पाऊस. १८ला पाऊस. आजही पाऊसच. गुडघा म्हणतो अजून आहे.

खिडकीत बसून ओल्या डोंगराकडे बघताना मनात आलं, मी हे कशासाठी करतोय? मी मेलो की कुरण कोणाचं? पुतण्या शहरात गॅरेजमध्ये काम करतो, त्याच्या बुटाला रबरी तळ आहे. एकेचाळीस फुलांसाठी दोन म्हातारी माणसं जीव काढताहेत. लोइसच्या गाईंना चारा तरी मिळाला असता. हे मी बाईंना म्हणणार नाही, पण वहीत खोटं कशाला लिहू.

२१ ऑगस्ट

पडलो. ओल्या गवतावर पाय गेला आणि गुडघा उलटा वळला. बाईंच्या खांद्यावर हात टाकून खाली आलो, साडेचार तास लागले. क्रूस ओलांडल्यावरही त्या घाईघाईत दोनदा "सावकाश, काशियान, इथे पाय ठेव" म्हणाल्या आणि लगेच जीभ चावून "ठेवा" म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस हलायचं नाही. एक चतुर्थांश कुरण उभं आहे, तीन दिवस उरलेत. मी बाईंना म्हणालो, "जाऊ द्या आता. लोइसला सांगतो."

बाई म्हणाल्या, "पातं इथे आणून ठेवते. धार लावून द्या." आणि गेल्या.

२३ ऑगस्ट

दोन दिवस रोज पहाटे बाई बोथट पातं ठेवून धारेचं घेऊन जातात. मी खुर्चीत बसून ऐरणीवर ठोकतो. या आयुष्यात मी हजारो बूट केले, पण असं मन लावून काही केलं नव्हतं. दुपारी खिडकीतून दुर्बिणीने बघितलं. व्हिजिलची जुनी, एका काचेला तडा आहे. हिरव्या पट्टीवर एक ठिपका पुढेमागे होत होता आणि पट्टी बारीक होत होती. संध्याकाळी ऊन जायच्या आत पट्टी संपली. ठिपक्याने विळा वर करून हलवला. मला दिसतंय हे त्यांना कसं कळलं?

मी रडलो. डॉक्टरांनी रागाचं लिहायला सांगितलंय, रडण्याचं नाही, पण लिहिलं.

२४ ऑगस्ट, बार्थोलोमेव

लोइसने स्वतः वर जाऊन चारही हद्दीचे दगड तपासले. बाई बरोबर होत्या. संध्याकाळी त्यानेच येऊन सांगितलं, टोपी हातात घेऊन.

"कापलंय. कोपऱ्यांतसुद्धा."

"मग?"

"मग काय, तुझंच. एका जागी मात्र कापलेल्या गवताचे बुडखे भलतेच जाड होते, टोपलीच्या आकाराचं गोल. बाईंना विचारलं, इथे काय घातलं होतंस? तर म्हणतात कसं, थोडा मूर्खपणा, लोइस. पंधरा किलो."

चमच्यांनी सगळं निघालं नव्हतं तर. लोइस जाताना दारात थांबला. "बाई विळा चालवतात हे तुला कधीपासून माहीत?" मी म्हणालो, आम्हा वर जाणाऱ्यांना बरंच काही माहीत असतं.

१९ नोव्हेंबर

बाईंच्या चुलीचं दार निखळलं होतं, ते बसवून दिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत मुरंब्याची एक काचेची बरणी, तिच्यात बुटाचे खिळे. उचलून पाहिलं तर माझेच, तीन कंगोऱ्यांचे. तीसएक असतील. बरणीवर सुंदर अक्षरात "१९५९ पासून". बाईंनी घाईने त्यावर फडकं टाकलं आणि विचारलं, "चहात दूध घालू ना?"

रस्त्यात पडलेले खिळे शेळ्यांच्या खुरात जाऊ नयेत म्हणून वेचत असतील. शिक्षक लोकांना काहीही जमवायची सवय असते.

११ जानेवारी १९६२

गवत खाली आणलं. वरच्या खोपटातून घसरगाडीवर बांधून, बर्फावरून. गाडी लोइसची, ब्रेकला लोइस स्वतः. मोबदला म्हणून दोन भारे मागितले. त्याची चांगली गाय विऊन आजारी पडली आहे आणि गोणीतल्या खतावर वाढलेल्या गवताला तोंड लावत नाही. आज वरच्या कुरणाचं खाल्लं म्हणे. लोइसने हे फक्त मला सांगितलं आणि बुर्गीला सांगू नकोस म्हणाला.

१५ फेब्रुवारी

रात्री घळीतून बर्फ सुटला. कोणाला इजा नाही, एक कुंपण गेलं. सकाळी बघतो तर माझ्या दुकानाच्या खालच्या अंगाला बर्फाच्या ढिगात क्रूस उभा. डोंगरावरचा तोच, बुडखा मोडलेला.

गावाची सभा भरली. पाद्रीबुवा म्हणाले, पाय नवा करावा लागेल. लाकूड लोइस देणार, काम माझ्याकडे, कारण क्रूस माझ्यापाशी आलाय. दुकान रस्त्यापासून पाच पायऱ्या वर आहे. क्रूस पायऱ्यांच्या खाली भिंतीला टेकवून ठेवला.

६ मार्च

तोंडात सात खिळे धरून एका टाचेवर काम करत होतो. बाई आल्या. खाली क्रूसापाशी थांबल्या. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या दाराकडे, मग पायऱ्या चढल्या, एकेक मोजत. आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काशियान, चहा करतोस?"

एक खिळा गिळता गिळता राहिला. बाकीचे सहा थुंकून म्हणालो, "अहो बाई, आपण गावात..."

"क्रूस खाली आहे. आपण वर आहोत. रीत म्हणजे रीत. तुझ्याकडे घोट आहे की चहाच करतोस?"

दोन्ही केलं. बूट काय झालेत विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. बूट आणलेच नव्हते. तासभर बसल्या. कशाबद्दल बोललो ते आठवत नाही, तरी वहीत लिहायला बसलोय.

२ एप्रिल

हल्ली बाई रोज चार वाजता येतात. पायऱ्यांवर तू, रस्त्यावर तुम्ही. कधीकधी निघताना तिसऱ्या पायरीवर थांबून बरंच काही सांगत राहतात.

आज लोइस आला. "एका पायाला किती महिने लागतात रे?"

"लाकूड वाळायला हवं."

"ते माझ्या आजोबांच्या गोठ्यातलं आहे. साठ वर्षं वाळतंय."

"मग आणखी थोडं वाळू दे."

त्याने पाय बघितला. पाय तयारच होता, पंधरा दिवसांपूर्वी झालेला. त्यावर हात फिरवला. म्हणाला, "जूनमध्ये बसवू. त्याच्या आधी वर जमीन मऊ होत नाही." तसा वाईट माणूस नाही तो.

७ जून

मोजलं. त्रेपन्न. दहा वर्षांत पहिल्यांदा आकडा वर गेला. बाईंनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा त्रेपन्न. त्या म्हणाल्या, रोपं तेवढीच असतील, गवत गेल्यामुळे दबलेली फुलली, खरा हिशेब आणखी पाच वर्षांनी कळेल. म्हणजे पाच वर्षं चढायचं. मी गुडघ्याला तसं सांगितलंय.

खताच्या जागी मात्र एकही फूल नाही. माजलेल्या पानांचं हिरवं गोल बेट झालंय. बाईंनी त्याला नाव दिलं, काशियानचा मळा.

आज एकही ढग नव्हता, तरी चार तास लागले.

येत्या रविवारी क्रूस वर जातोय.

१० जून

सकाळी सगळं गाव क्रूस खांद्यावर घेऊन वर गेलं. जुन्या जागी नव्या पायावर क्रूस उभा राहिला, पाचर मीच ठोकली. एवढी घट्ट ठोकायची गरज नव्हती असं शेवटचा घाव घालताना वाटलं. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं, बाटली फिरली, लोक उतरले. आम्ही दोघं फुलं बघायला वर गेलो.

परतताना क्रूस दिसला तसा मी मागे रेंगाळलो. माझ्या दुकानापासून क्रूसापर्यंत आता पुन्हा दीड तासाचं तुम्ही पसरलं होतं. चार वाजताचा चहा आता कसा व्हायचा ते कळेना. बाई पुढे होत्या, शेळीच्या दुखऱ्या खुराबद्दल बोलत होत्या, "तू बघशील का जरा, तुला कळतं". आणि बोलता बोलता क्रूस मागे पडला. बोलणं थांबलं नाही. मला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नसेल. मी आठवण केली नाही. मी गावापर्यंत फक्त हं आणि हो म्हणत आलो.

खानावळीच्या बाकावर सगळे बसलेले: लोइस, बुर्गी, डॉक्टर. आम्ही समोर आलो आणि बाई, शाळेत मागच्या बाकाला ऐकू जायचा त्या आवाजात, म्हणाल्या, "काशियान, तुझी टोपी वरच राहिली."

लोइसने मान उंच करून डोंगराकडे पाहिलं. "क्रूस आहे ना रे जागेवर?"

"मी स्वतः ठोकलाय," मी म्हणालो.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात 'राहिली वाटतं, आणायला हवी' हे तयार होतं. ना तू, ना तुम्ही. त्रेपन्न फुलांची शपथ, तेच सोपं होतं. बाई वाट बघत होत्या. त्यांच्या हाताला चमच्याची धार लागून झालेला वर्षापूर्वीचा व्रण अजून दिसतो.

मी म्हणालो, "उद्या आणू. तू येशील ना, हेडविग?"

"येईन की," हेडविग म्हणाली.

बुर्गीने कोणी न मागता सगळ्यांना एकेक घोट आणून दिला. कोणी चुकलं नसताना दंड कसला, डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी माझी नाडीही बघितली आणि ठीक आहे म्हणाले.

नंतर हेडविग दुकानात आली, पाच पायऱ्या, न मोजता. तिचे बूट चिखलाने भरले होते म्हणून पुसायला घेतले. उलटे करून बघितलं तर सगळे खिळे जागच्या जागी. आठवून पाहिलं: मार्चपासून एकही पडलेला नाही. मी तिला दाखवलं आणि म्हणालो, बघ, या वयातसुद्धा माणसाचा हात सुधारतो.

हेडविग बराच वेळ हसत राहिली. काय झालं विचारलं तर सांगेना.